उजवीकडेच वळणारा ट्रॅक्टर

आमच्या वर्कशॉपमध्ये येणारं गिऱ्हाईक आधी मशीन दाखवत नाही. आधी तोंडानं आवाज काढून दाखवतं. चांगल्या कपड्यांतले, मोठ्या गाडीतून उतरलेले, घरी बहुधा मोठ्यानं शिंकतही नसतील असे गृहस्थ काउंटरवर हात टेकून 'खर्र-खर्र-टुक' करतात आणि निकालाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघतात. काही जण लगेच पुन्हा करतात, कारण पहिल्या खेपेला 'टुक' नीट जमलं नाही असं त्यांचं त्यांनाच वाटतं. हे सगळं मी चेहऱ्यावरची रेषा न हलवता ऐकते. नट-बोल्ट खोलायला कुणीही शिकवतं, हसू दाबायला मात्र माझं मला शिकावं लागलं.

मी छोटी इंजिनं दुरुस्त करते. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, जनरेटर आणि बागेत चालणारे बुटके ट्रॅक्टर. इंदूरला सियागंजच्या मागच्या अंगाला दुकान आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडून येणाऱ्यांना मी फोनवर वळण न् वळण सांगते आणि ते तरीही चुकतात. पोचल्यावर निम्मे लोक माझ्या डोक्यावरून आत बघत विचारतात, "मिस्त्री कहाँ हे?" पूर्वी मी सांगायची, मीच. मग पुढची दहा वाक्यं त्यांच्या आश्चर्यात जायची. हल्ली मी म्हणते, बसा, येतील. आत जाते, एप्रन चढवते आणि बाहेर येते. तेवढ्यात त्यांच्या मनाची तयारी झालेली असते.

अस्सल इंदुरी माणूस आवाजाचं वर्णन खाण्याच्या भाषेत करतो. "मैडम, ऐसा बज रिया हे जैसे कोई मोटी सेव चबा रिया हो." जाडी शेव म्हणजे बहुतेक वेळा गिअर, बारीक शेव म्हणजे बेअरिंग. एकानं पोह्यांची फोडणी पडल्यासारखा आवाज सांगितला होता, तेव्हा स्पार्क प्लग सैल होऊन तिथून हवा निसटत होती. पुण्या-नाशिककडून नोकरीसाठी नव्यानं आलेली आपली मंडळी मात्र 'अॅबनॉर्मल साउंड' येतो म्हणतात. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा शेव बरी.

तोंडचा कार्यक्रम संपला की मी माझे प्रश्न विचारते. ते मला पाठ आहेत, तरी भिंतीवर लावलेत, म्हणजे गिऱ्हाइकाला तो दुकानाचा नियम वाटतो, बाईची भोचक चौकशी वाटत नाही. गार असताना वाजतं की तापल्यावर? उभ्या जागी की चालताना? चढावर की उतारावर? इंजिनाचा वेग वाढवला की आवाज त्याच्यासोबत धावतो, की आपल्याच तंद्रीत असतो? आणि शेवटचा प्रश्न : आवाज सुरू होण्याआधी मशीनला कुणी काय केलं होतं? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्या इंदुरात एकच उत्तर आहे. 'कुछ नहीं किया.' हेच उत्तर देणाऱ्या एका गृहस्थांच्या जनरेटरचं झाकण उघडलं, तर आतून त्यांच्या घरचा स्टीलचा चमचा निघाला. ते म्हणाले, "अच्छा, ये इधर था." घरी त्यावरून बरंच काही झालं असावं, कारण चमचा त्यांनी पुसून खिशात ठेवला.

वेगाबद्दलचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो का हे इथे सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. इंजिनाच्या पोटातला कुठलाही भाग झिजला, सैल झाला, की तो दर फेरीला एकदा ठोकतो. फेऱ्या वाढल्या की ठोके वाढतात. म्हणजे इंजिनाचं दुखणं तालात वाजतं. जे बेताल वाजतं, मध्येच थांबतं, पुन्हा आठवण झाल्यासारखं सुरू होतं, ते बहुधा इंजिनाचं नसतंच. पत्रा असतो, पट्टा असतो, नाहीतर कुणाचा तरी चमचा असतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. माझा उजवा कान त्यासाठी राखून ठेवलेला आहे. तोही हल्ली जरा कमी ऐकतो. एवढी इंजिनं ऐकवल्यावर तो तरी किती दिवस तक्रार न करता राहणार?

एवढा सगळा अभ्यास मात्र लोकांना नको असतो. एका बंगल्याच्या मालकीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं, आवाज राहिला तरी चालेल, पार्टीच्या दिवशी तेवढा नको. मला सगळ्यात जास्त अशीच गिऱ्हाइकं मिळतात. आवाज का येतो हे कुणाला ऐकायचं नसतं. तो कुणाच्या अंगावर ढकलायचा, एवढंच हवं असतं. हे मी आमच्या इथल्या एका मराठी मंडळाच्या ट्रॅक्टरकडून पुरतं शिकले. मंडळाचं नाव लिहीत नाही. इंदुरात मराठी मंडळं पुष्कळ आहेत, प्रत्येकाला ते आपलंच वाटलं तरी माझी हरकत नाही.

या मंडळाचं मोठं मैदान आहे. एका बाजूनं नाल्याकडे उतरतं. त्यावरचं गवत कापायला एक जुना बागेतला ट्रॅक्टर. वर एका माणसाची सीट, पोटाखाली फिरतं पातं, आणि आकार असा की मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर मोठा त्याला शाळेत सोडायला आलाय असं वाटावं. मंडळाच्या एका सभासदांनी मानपूरच्या पुढे फार्महाउस घेतलं तेव्हा हौसेनं हा आणला होता. हौस फिटल्यावर लोक करतात तेच त्यांनी केलं. मंडळाला दान दिला आणि स्वतःच्या नावाची पाटी लावून घेतली. ट्रॅक्टर मूळचा लाल होता म्हणतात. पाटी अजून चकचकीत आहे.

तो चालवणारा भागीरथ. पन्नाशीचा, देपालपूरकडचा, बोलायला गोड आणि तोंडात कायम सुपारी. ट्रॅक्टर आला तेव्हाच त्याला ठेवलं होतं, म्हणजे त्याची नोकरी आणि ट्रॅक्टर एकाच कागदावर होते. आता दसऱ्यापासून ट्रॅक्टर मध्येच 'खड-खड-टक' वाजायला लागला होता. कमिटीनं एक मेकॅनिक बोलावला. त्यानं स्कूटरवरून न उतरता ऐकलं आणि सांगितलं, "रॉड गया." रॉड म्हणजे पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणारा हात. तो गेला म्हणजे सगळं इंजिन उघडायचं, आणि या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. थोडक्यात भंगार. मग गवत कापायला ठेकेदार येणार होता, तो आपली माणसं आणणार होता, आणि भागीरथला हार घालून निरोप द्यायचा असं ठरत आलं होतं. हाराचा रंगसुद्धा ठरला असता, पण सचिवांनी आग्रह धरला की 'सेकंड ओपिनियन' घ्यावं. त्यासाठी मला फोन.

सचिव म्हणजे पाटणकर, पुण्याहून आलेले, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी ट्रॅक्टरचा आवाज मोबाइलवर घेऊन एका अॅपला ऐकवला होता. अॅपनं तीन शक्यता दिल्या, त्यांतली एक वॉशिंग मशीनच्या ड्रमची होती. पाटणकरांनी तीसुद्धा मला वाचून दाखवली, कारण निर्णय घेताना डेटा गाळायचा नसतो.

अध्यक्ष मोकाशीकाका. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. काका स्वतः विमा कार्यालयातून निवृत्त झाले, पण उभे राहतात अजून फौजेतल्यासारखे. मी माझे प्रश्न सुरू केले. शेवटच्या प्रश्नावर काका म्हणाले, "काही नाही केलं ताई. उलट वर्षातून एक बार मी स्वतः याची पूजा करतो, खंडेनवमीला. इतकी काळजी तर लोक आपल्या कारची नाही घेत."

आमच्याकडच्या फौजी घराण्यांत खंडेनवमीला शस्त्रं पूजतात. काकांच्या घरात आता शस्त्र म्हणून विळीही उरलेली नाही, सुनेनं मिक्सर आणला. मंडळाच्या मालमत्तेत धार असलेली एकच वस्तू, ट्रॅक्टरखालचं पातं. तेव्हा काका दर वर्षी शेल्याची टोकं सावरत शेडमध्ये जातात आणि गवत कापायच्या यंत्राला कुंकू वाहतात. मला हे ऐकून खरंच बरं वाटलं. ज्याची पूजा करायची त्यालाच भंगारात काढायचं, यात मला काही विसंगती दिसली नाही. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. काकांना ट्रॅक्टरची शेड हवी होती. तिथे त्यांना 'मी इंदूरकर' असं लिहिलेला सेल्फी पॉइंट करायचा होता.

भागीरथनं ट्रॅक्टर बाहेर काढला आणि मैदानाला चक्कर मारली. आवाज नाही. आणखी एक चक्कर. आवाज नाही. मशीन माझ्यासमोर आलं की गप्प बसतं हा माझा रोजचा अनुभव आहे, त्यात नवल नव्हतं. मी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. वयाच्या मानानं ठणठणीत इंजिन. दोन दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा शांत. भागीरथ म्हणाला, "मैडम, अपनी मशीन तो एकदम टनाटन हे. इन लोगों के कान बजते हैं." काका म्हणाले, मी दसऱ्यानंतर स्वतः ऐकला. पाटणकरांनी रेकॉर्डिंग लावलं, त्यात स्पष्ट 'खड-खड-टक', आणि मागे काकांचा आवाज, "मी तर पहलेच बोललो होतो."

तिसऱ्या खेपेला मी ट्रॅक्टरकडे गेलेच नाही. कमिटीची बैठक रविवारी होती, पोह्यांनंतर, आणि सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मैदानाच्या कडेला उभी राहून मी गवत बघत होते. कापलेलं गवत ट्रॅक्टर ज्या बाजूला गेला त्या बाजूला झोपतं, म्हणून चांगल्या कापलेल्या मैदानावर उलटसुलट पट्टे दिसतात. इथे पट्टे नव्हतेच. होती ती वर्तुळं, बाहेरून आत, आत, आत, जिलबीसारखी. सगळं मैदान एकाच कुशीवर झोपलेलं. कोपऱ्यांत, जिथे डावीकडे वळल्याशिवाय पातं पोचत नाही, तिथे गवत घोट्याच्या वर.

हा माणूस डावीकडे वळतच नव्हता.

मी शेडमध्ये गेले, चावी मागितली आणि सीटवर बसले. भागीरथ शेजारी चालायला लागला. आधी हवेबद्दल बोलला. मग माझ्या तब्येतीबद्दल. नाल्याकडच्या उतारावर मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं तेव्हा त्यानं बॉनेटवर हात ठेवला.

"मैडम, बाएँ मत मोड़ो."

"क्यों?"

मी वळवला. खड-खड-टक. खड. टक-टक. मग गप्प. मग पुन्हा खड.

मी ट्रॅक्टर तिथेच तिरका उभा ठेवला. भागीरथनं तोंडातली सुपारी गालात सरकवली. "बजता तो हे," तो म्हणाला. "पर दाएँ में नहीं बजता. तो मैंने सोचा, दाएँ-दाएँ में निकाल लूँ, जब तक निकले."

नोकरी वाचवायला त्यानं दुखणं लपवलं, आणि दुखणं लपवल्यामुळे ते शोधायला आलेली बाई तीन खेपा मैदानावर ऊन खात उभी. मला राग यायला हवा होता. पण ज्या कमिटीला आवाजापेक्षा शेडची जागा महत्त्वाची, तिच्यासमोर आवाज काढून दाखवायचा कशासाठी, हा त्याचा हिशोब मला चुकीचा वाटेना.

मी उभ्या जागी इंजिनाचा वेग वाढवला. आवाज धावला नाही. आपल्या मनानं वाजत राहिला, भजनात उशिरा आलेल्या माणसाच्या टाळीसारखा. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. या इंजिनाला थंड ठेवायला पाणी नसतं. डोक्यावर पंखा असतो आणि पंख्याभोवती वारा वळवणारं पत्र्याचं कव्हर. कव्हराच्या तोंडावर जाळी असते, कचरा आत जाऊ नये म्हणून. इथली जाळी एका बाजूनं तुटून दुमडली होती. कव्हराचे बोल्ट काढले, पत्रा उचलला.

आत एक अख्खी सुपारी होती. झेंडूच्या करपलेल्या पाकळ्या, तपकिरी झालेले तांदूळ, आणि सुपारीच्या एका अंगाला अजून टिकून असलेलं कुंकू. ट्रॅक्टर उजवीकडे वळला की ती कोपऱ्यात बसायची, डावीकडे वळला की घरंगळत पंख्याखाली यायची, पात्याचा फटका खाऊन पत्र्यावर आदळायची. पंख्याच्या एका पात्याचा तेवढा टवका उडाला होता.

कुंकू खरं तर खालच्या पात्याला वाहायचं. पण त्यासाठी जमिनीवर गुडघे टेकावे लागतात, आणि काकांच्या गुडघ्यांनी फौजी बाणा केव्हाच सोडलेला आहे. म्हणून त्यांनी बॉनेट उघडून उभ्या-उभ्या इंजिनावरच सगळी पूजा मांडली होती. मग बॉनेट बंद करून आरती.

भागीरथनं आधी हात जोडले. "भगवान ने बचा लिया," तो म्हणाला.

"भगवान ही बज रहे थे," मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "मैडम, सुपारी का नाम मत लेना. मैं दिन भर खाता हूँ, सबको मालूम हे. मेरे पे ही आएगी."

रविवारी पोहे झाले, वर शेव झाली, चहा झाला. मी सांगितलं, इंजिन चांगलं आहे, पंख्याच्या कव्हरात बाहेरची वस्तू अडकली होती, ती काढली, जाळी नवी बसवली. कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. स्कूटरवरून न उतरता सांगितलं तो तज्ज्ञ, तीन खेपा घातल्या ती गोंधळलेली, असा साधारण सूर होता. पाटणकरांना इतिवृत्तासाठी 'रूट कॉज' हवं होतं. काका म्हणाले, "वस्तू आपल्या पायानं तर आत नाही गेली ना? ट्रॅक्टर एकच माणूस चालवतो." सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात भागीरथ उभा होता, रुमाल हातात, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं तोंड रिकामं होतं.

काही न सांगता निघून गेले असते तर माना तशाच राहिल्या असत्या. मी पर्समधून सुपारी काढून टेबलावर ठेवली.

"पाहा," काका लगेच म्हणाले, "मी तर पहलेच बोललो होतो. हा दिवसभर सुपारी..." आणि थांबले. सुपारी घरंगळत त्यांच्या बशीपाशी गेली होती, कुंकवाची बाजू वर.

पाटणकरांचं पेन हवेत. काकांचे कान कुंकवाच्या रंगाला आले होते. अध्यक्षांचा अपमान झाला तर ते काय करतील हे मला माहीत होतं. ते आणखी जोरात भंगार म्हणतील आणि बाकीचे हात वर करतील. इंजिनं ऐकून एक गोष्ट मला कळली आहे, अडकलेल्या वस्तूला बाहेर यायला वाट ठेवावी लागते.

मी विचारलं, "काका, पूजेत सुपारी म्हणजे कोण?"

"गणपती," काका पुटपुटले.

"मग खंडेनवमीला बसले आणि विसर्जन राहून गेलं, एवढंच झालं."

काका उठले, दोन्ही हातांनी ती उचलली, कपाळाला लावली, आणि पाठ सरळ करून म्हणाले, "पाटणकर, लिहा. ज्या यंत्रात साक्षात गणपती इतके दिवस बसले, ते भंगारात देणं मंडळाला शोभत नाही."

ठराव एकमतानं मंजूर झाला. इंजिन ठीक आहे, हे मी तीन वेळा सांगून एकाला पटलं नव्हतं. त्यात देव बसले होते, हे सगळ्यांना बसल्या जागी पटलं. इतिवृत्तात माझे आभार आहेत, पोहेवाल्याच्या नंतर. सेल्फी पॉइंट बोअरवेलच्या खोलीसमोर झाला, आणि 'मी इंदूरकर'च्या मागे फोटोत नेहमी पाण्याची टाकी येते.

पुढच्या खंडेनवमीला काकांनी मला बोलावलं, देखरेखीला. पूजा या वेळी पात्याचीच झाली. काका उभे राहून मंत्र म्हणत होते आणि ट्रॅक्टरखाली आडवा होऊन कुंकू लावत होता भागीरथ. सुपारी ताटात होती. आरती झाल्यावर काकांनी ती सगळ्यांना दिसेल अशी उचलली आणि स्वतःच्या खिशात घातली.

निघताना मी मैदानावरून आले. गवत आदल्या दिवशीच कापलेलं होतं. सगळं एकाच कुशीवर, बाहेरून आत, जिलबीसारखं. कोपऱ्यांत घोट्याच्या वर.

भागीरथ मला फाटकापर्यंत सोडायला आला होता. मी म्हटलं, "अब तो कुछ नहीं बजता. फिर बाएँ क्यों नहीं मोड़ते?"

त्यानं खिशातून सुपारीची पुडी काढली, चिमूटभर तोंडात टाकली आणि शेडकडे पाहिलं.

"मैडम, मशीन आपने ठीक कर दी," तो म्हणाला. "कमेटी तो वोई हे."